गजामागे चार अणू

तिने हातमोजे चढवले, फडक्याची गाठ सोडली आणि गज टेबलावर ठेवला. पितळेची चपटी पट्टी, दोन बोटे रुंद. वरच्या अंगावर चोवीस समान भागांच्या, तसूंच्या खुणा आणि एका टोकाजवळ जुन्या बाजाराचा गोल शिक्का. फडके तिने घडी करून बाजूला सारले. समोरच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्याने ते उचलून मांडीवर घेतले, घडी मोडली आणि काठाला काठ लावून पुन्हा घातली.

"कापडाची घडी अशी घालतात," तो म्हणाला. "एवढं तरी शिकवलं असेल तुझ्या बापानं."

"शिकवलं होतं, काका."

"मग?"

"विसरले."

ती विसरली नव्हती. एक्केचाळीस वर्षांनी समोर येऊन बसलेल्या सख्ख्या काकांशी काय बोलावे, हे तिला सुचत नव्हते. आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले तेव्हा काका आले होते म्हणे. जिन्याखाली पाच मिनिटे उभे राहून परत गेले. शेजारणीने ते नंतर सांगितले.

"तू इथं लांबी मोजतेस ना, तसू?"

तिने मान खाली घातली. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बाबांनी ठेवलेले हे नाव. आई तिला त्या नावाने कधी हाक मारत नसे. आठ महिन्यांत ते कुणाच्याच तोंडून आले नव्हते.

"हो. लांबीच मोजते."

"मग हा मोज. आणि मला लेखी दे. तोंडी नको, तोंडी फार झालं."

तिने अर्ज पुढे केला. काकांनी पेन डाव्या हातात घेतले आणि मनगट आत वळवून, शाई पुसली जाऊ नये अशा बेताने एकेक अक्षर काढले. वस्तू : गज. वय : माहीत नाही. चाचणीचे कारण या रकान्यापाशी ते बराच वेळ थांबले. मग लिहिले, "घासला की झिजला."

"घासलेला निघाला तर?" तिने विचारले.

"तर मी म्हणालो ते खरं होतं."

"आणि झिजलेला निघाला तर?"

काकांनी मांडीवरच्या घडीचा काठ बोटाने सरळ केला. तो आधीच सरळ होता.

"किती दिवस लागतील?" ते म्हणाले.

तिला आणखी एक आकडा हवा होता. दुकानात दिवसाला किती गज कापड मोजले जायचे, हे तिने विचारले. या प्रश्नाने काका खुर्चीत सावरून बसले. गेल्या अर्ध्या तासात पहिल्यांदाच त्यांना पूर्ण माहीत असलेले काही विचारले गेले होते.

"चारशे. कमी नाही, जास्त नाही. निम्मे मी, निम्मे तुझा बाप. वर्षाला दोनशेऐंशी दिवस. पंचवीस वर्षं याच गजावर. कामाला तो मागं होता, असं मी म्हणणार नाही." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "फक्त अंगठा सोडायचा मेला, दर गजाला अंगठाभर कापड जादा. सारखं ओरडावं लागायचं."

*

गोष्ट सगळी मिळून एका दुपारची होती. बाजाराचा तपासनीस दुकानात आला, त्याने आपला गज या गजाशेजारी ठेवला आणि हा आखूड आहे म्हणाला. दुकानात गिऱ्हाइके होती. काकांनी गल्ल्याखालचा खण ओढला, तर आत कानस सापडली. कानशीच्या दातांत पितळेची भुकटी होती. कानस धाकट्या भावाची, तिच्या बाबांची. काका तसेच ती हातात धरून दुकानाच्या पायरीवर गेले आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्या भावानं गज घासला." कापड ओरडून विकणाऱ्याचा आवाज, तो चौकापर्यंत गेला.

बाबा एकदाच म्हणाले, "मी नाही." त्यानंतर त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत, ना त्या दिवशी, ना पुढच्या एक्केचाळीस वर्षांत. संध्याकाळी दोन पेट्या, आई आणि नऊ वर्षांची मुलगी घेऊन ते निघाले. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कटिंग मास्तर झाले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले.

*

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणत. एक तर ते उंचीने तेवढेच होते, आणि दुसरे म्हणजे त्याहून कमी चुकीवर ते रागावत नसत. हे नाव त्यांनाही ठाऊक होते.

"सर, एक गज आलाय. माझ्या काकांचा आहे. नात्यातला आहे म्हणून सांगते."

"नात्यातलं माप नात्यातल्यानं घेऊ नये."

"म्हणूनच आले. तुम्ही घ्या."

"मी? मोतीबिंदूनं मला सध्या दोन गज दिसतील." त्यांनी चष्मा काढून पुसला. "असं करू. तू वाच, मी लिहितो. लबाडी करायची झाली तर दोघांना मिळून करावी लागेल, आणि आपलं कधी कशावर एकमत झालंय?"

ती हसली नाही. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले.

"काय हवंय तुला त्यातून?" त्यांनी विचारले.

"जे असेल ते."

"हे उत्तर मी तुला शिकवलं. मी विचारतोय काय हवंय."

तिने गज उचलून खोलीतल्या संगमरवरी पाटावर ठेवला. वीस अंशांच्या त्या खोलीत धातूने एक रात्र मुक्काम केल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. बाहेरची ऊब अंगात असलेला धातू खोटे बोलतो.

*

संध्याकाळी आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. गज आल्याचे ऐकल्यावर तिचा हात थांबला नाही.

"त्यांना आत्ता सुचलं?"

"हो."

"माणूस गेल्यावर."

"हो, आई."

आईने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. एक खाली पडली, ती शोधायला ती वाकली आणि वाकलेलीच राहून म्हणाली, "घासलेला निघाला तर मला सांगू नकोस."

तिला वाटले, आपण चुकीचे ऐकले.

"आई?"

"त्याच्या आदल्या दिवशी कानशीनं कपाटाची कडी घासली म्हणाले होते. पितळी कडी. असेलही. मी कडी काही बघायला गेले नाही." आईला पाकळी सापडली. तिने ती पदराला पुसली. "एवढी वर्षं एका ताटात जेवलो. विचारता आलं असतं. पण विचारलं म्हणजे संशय आहे असं झालं असतं ना?"

तिने लसणाचा पुढचा गड्डा फोडला. मग आई आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तुझे फ्रॉक कधी अंगाबरोबर बसले नाहीत. शिवायचे मी, कापड ते मोजायचे. दर गजाला अंगठा पुढं. मी म्हणायचे, अहो, पोर काय वर्षात हत्ती होणार आहे का? म्हणायचे, असू दे, वाढतं अंग आहे."

तिला अंगठा आठवला. डावा. आतल्या कडेला घट्टा होता, नारळाच्या करवंटीसारखा खरबरीत. बाबा वेणी घालायचे तेव्हा त्यात केस अडकायचे आणि ती ओरडायची.

संशय तिलाही होता. हे तिने त्या क्षणी, लसणाच्या वासात, पहिल्यांदा स्वतःशी कबूल केले. लांबी मोजायचा धंदा तिने का निवडला असे लोक विचारत, तेव्हा ती दरवेळी वेगळे काहीतरी सांगत असे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे गजापाशी उभे राहिले. भांडारातून त्या जुन्या बाजाराचा प्रमाण गज काढून आणला होता; लाकडी पेटीत, लोकरीत गुंडाळलेला. त्याची लांबी आठशे अडतीस पूर्णांक दोन मिलिमीटर. दोन्ही गज शेजारी ठेवून तिने भिंगातून वाचले, मायक्रॉन सरांनी लिहिले. दहा वेळा. मग गज फिरवून पुन्हा दहा वेळा.

कमी भरत होता, यात शंका नव्हती. एक पूर्णांक चार मिलिमीटर.

काकांना हे मिलिमीटरमध्ये सांगून चालणार नव्हते. तिने वहीच्या कोपऱ्यात करून पाहिले : तसूचा पंचविसावा हिस्सा. मग त्याखाली दुसरे माप लिहिले. मिलिमीटरचे एक कोटी भाग केले की एक अँगस्ट्रॉम. अणू मोजायला तेच माप लागते. एक कोटी चाळीस लाख अँगस्ट्रॉम.

"एवढं खाली कशाला उतरलीस?" सरांनी खांद्यावरून डोकावून विचारले.

"एका वेळेला किती गेलं ते बघायचंय. दिवसाला चारशे, वर्षाला दोनशेऐंशी दिवस, पंचवीस वर्षं. अठ्ठावीस लाख वेळा कापड या टोकांवर दाबून ओढलं गेलंय. दर वेळेला हजारो अणू जायला लागत असतील, तर कापडानं पितळ तेवढं झिजत नाही. मग कानसच."

"आणि किती येतात?"

तिने भागाकार केला. पाच अँगस्ट्रॉम. पितळेतला एक अणू अडीच अँगस्ट्रॉम धरला, तर दोन.

"दोन अणू," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा वर गेला. "गजामागे दोन अणू, सर. एवढं कापडानं जातं. सहज जातं."

"अणू मोजलेस का तू?"

"नाही. भागाकार केला."

"मग भागाकार म्हणून लिही. आणि टोकं बघ आधी."

तिने टोके सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. कानस फिरली असती तर एकमेकींना समांतर, सरळ रेघा दिसल्या असत्या. उजव्या टोकाला एकही रेघ नव्हती. तिथे एक खळगा होता, उंबऱ्याला पडतो तसा. गुळगुळीत आणि मधोमध खोल, कडांकडे उथळ होत गेलेला. तिने डोळा भिंगावरून काढला, हातमोज्यानेच गाल पुसला आणि पुन्हा पाहिले. मग शिक्क्याकडचे डावे टोक घेतले.

डाव्या टोकाला खळगा नव्हता. घडवणाऱ्याच्या हत्याराची मूळ नक्षी तिथे अजून होती. कड इतकी धारदार की नव्या पट्टीचीच वाटावी.

मधल्या बाराव्या तसूच्या खुणेपासून त्यांनी दोन्ही टोके वेगवेगळी मोजली. उजवीकडे एक पूर्णांक चार कमी. डावीकडे काहीच नाही.

"गंमत आहे," सर म्हणाले. "दोघं वापरायचे म्हणालीस ना?"

तिची नजर शिक्क्यावर गेली. शिक्का दुकानदाराच्या डाव्या हाताला, तोंड गिऱ्हाइकाकडे, ही बाजाराची रीत होती. गज उलटा धरला तर गिऱ्हाईक बोंब मारायचे. एका हाताने गज धरायचा, त्याच हाताच्या अंगठ्याने टोकावर कापड दाबायचे, दुसऱ्या हाताने ओढायचे. बाबा उजव्या हाताने ओढत. म्हणजे त्यांचे टोक डावे. काका डावरे. ते ओढत डाव्या हाताने आणि त्यांचा उजवा अंगठा पडायचा तो उजव्या टोकावर.

आणि बाबांचे डावे टोक शाबूत होते, कारण त्यांचा अंगठा त्या टोकावर कधी पडलाच नव्हता. तो टोकाच्या पुढे असायचा. चौदा लाख वेळा कापड पितळेवर दाबले गेले नव्हते, अंगठ्यावर दाबले गेले होते.

तिने वहीतला दोनाचा आकडा खोडला. अठ्ठावीस लाख नव्हे, चौदा. पाच अँगस्ट्रॉम नव्हे, दहा.

"चार," ती म्हणाली. "गजामागे चार अणू. एकाच माणसाचे."

मायक्रॉन सरांनी पेन खाली ठेवले. त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. दाराकडे जाता जाता म्हणाले, "डाव्या टोकाचा रकाना रिकामा ठेवू नकोस. आणि तिथं शून्यही लिहू नकोस. शून्य देवाला ठाऊक. आपण आपली मर्यादा लिहायची."

*

काका तिसऱ्या दिवशी सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी आले. दाढी केली होती आणि हनुवटीखाली थोडी राहून गेली होती. तिने प्रमाणपत्र पुढे ठेवले. त्यात मोजकेच लिहिले होते : लांबीत तसूचा पंचविसावा हिस्सा घट. घट वापराच्या झिजेमुळे. कानशीच्या खुणा आढळल्या नाहीत.

झीज कोणत्या टोकाची, याविषयी तिने एक अक्षर लिहिले नव्हते. रात्रभर विचार करून तिने तेवढे वगळले होते, आणि वगळताना आयुष्यात पहिल्यांदा आपण अपुरे प्रमाणपत्र देत आहोत हे तिला ठाऊक होते.

काकांनी ते वाचले. चष्मा वर सारून पुन्हा वाचले.

"म्हणजे कुणीच घासला नाही."

"नाही."

"कापडानं झिजला."

"दर गजामागे चार अणू. चार अणू म्हणजे..." तिने शोधून पाहिले, पण दाखवण्याजोगे काही खोलीत नव्हते. "काही नाही म्हणजे. दिसत नाही, हाताला लागत नाही. तुम्हाला त्या दिवशी कळलं नसतं, काका. कुणालाच कळलं नसतं."

काका गजाकडे पाहत राहिले.

"त्यातले माझे किती," त्यांनी विचारले, "आणि त्याचे किती?"

 खिडकीतल्या यंत्राची घरघर बंद झाली, पुन्हा सुरू झाली.

"तसू. तुझा बापही असाच गप्प बसायचा. मी विचारतोय."

तिने गज उचलून त्यांच्यासमोर आडवा ठेवला. शिक्का त्यांच्या डाव्या हाताला, तोंड तिच्याकडे. बस्स, तेवढेच केले.

काकांच्या हाताला रीत आठवत होती. त्यांनी उजव्या हाताने गज धरला आणि अंगठा आपोआप टोकावर जाऊन बसला. खळग्यात नेमका बसला, जसा चमच्यात बसावा. त्यांनी तो काढला, खळगा पाहिला आणि पुन्हा ठेवून पाहिला. मग मान वळवून डाव्या टोकाची कड पाहिली. बराच वेळ पाहिली.

"तो अंगठा सोडायचा," ते म्हणाले.

"हो."

"मी ओरडायचो. दुकान बुडवशील म्हणायचो."

तिने पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. प्रमाणपत्राचा कागद टेबलावर होता, त्यावर त्यांनी तळहात ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवावा तसा. खोलीत वारा नव्हता.

"हे आता कुणाला वाचून दाखवू?" ते म्हणाले. "समोरचा भांडीवाला गेला. तपासनीस गेला. कोपऱ्यावरचा शिंपी होता, तो परवाच्या वर्षी गेला. ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं, त्यांतला एकही उरला नाही."

"मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "मी पायरीच्या खाली उभी होते."

काकांनी तिच्याकडे पाहिले. मग टेबलाचा आधार घेऊन ते उठले. गुडघे सरळ व्हायला वेळ लागला. त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या वेळेला नुसते ओठ हलले. दुसऱ्या वेळेला आवाज आला, पायरीवरचा तोच आवाज, चौकापर्यंत जाणारा, फक्त मधून मधून तुटणारा. बाजूच्या खोलीतले टंकलेखन थांबले. दारात मायक्रॉन सर आले आणि तिथेच उभे राहिले. काकांनी तारखेसकट आणि नोंद क्रमांकासकट सगळे वाचले, शिक्क्यातली अक्षरेही वाचली. मग कागदावर नसलेले एक वाक्य म्हणाले.

"माझ्या भावानं गज घासला नव्हता."

ते खाली बसले. आता त्यांनी पाणी घेतले.

निघताना त्यांनी फडके उलगडून टेबलावर पसरले, पण गज त्यात ठेवला नाही. नुसतेच फडके पुन्हा घडी करून खिशात घातले.

"गज राहू दे तुझ्याकडं," ते म्हणाले. दारापाशी थांबून त्यांनी विचारले, "तुझी आई खाली येईल का गं? मला आता जिना चढवत नाही."

"येईल," ती म्हणाली. "मी घेऊन येईन."

त्यांची पावले बाहेरच्या लांब बोळातून जाताना तिला ऐकू येत राहिली. मग तिने नोंदवही ओढली. एक रकाना अजून रिकामा होता.

तिने उजव्या हाताचा हातमोजा काढला, मग डाव्या हाताचाही. असे करायचे नसते. त्वचेचा ओलावा पितळेवर राहतो. शिक्क्याकडच्या टोकाच्या पुढे, जिथे गज संपतो आणि नुसती हवा असते, तिथे तिने आपला डावा अंगठा धरला. कड थंड होती आणि बोचत होती.

थोड्या वेळाने तिने पेन उचलले आणि रकान्यात लिहिले : डावे टोक. झीज, मोजण्याच्या मर्यादेखाली.